एका दिवसात येणारी कॉइल

लिफ्टचे सुटे भाग ठेवायच्या डेपोत एक स्टोअरकीपर होता. त्याला सगळे मामा म्हणत. वय सत्तावन्न, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि तोंडात तीस वर्षं एकच वाक्य: मला सगळं तोंडपाठ आहे. कुठला रोलर कुठल्या रॅकवर, कुठला पट्टा किती लांबीचा, कुठल्या इमारतीची लिफ्ट कधी बसवली, विचारायचा अवकाश, हा मान वर न करता सांगणार. बरं, सांगायचा तेही बरोबर. तीच तर पंचाईत होती. सतत बरोबर असणाऱ्या माणसाला शिकवायची सोय नसते, आणि मामाला तर साधं विचारलेलंसुद्धा खपत नसे.

मामाच्या लेखी जगातली बहुतेक माणसं बिनकामाची होती. मेकॅनिक लोक हातोडीने विचार करत, साहेब खुर्चीने विचार करत, आणि मुख्य कचेरीतले लोक मुळी विचारच करत नसत. या सगळ्यांचं त्याच्यावाचून पान हलत नाही अशी त्याची पक्की समजूत होती, आणि ती समजूत तो दिवसभर सगळ्यांना वाटत फिरायचा. त्याच्या तिरस्कारातून सुटलेलं माणूस एकच होतं. त्याची थोरली बहीण.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आईवडील लवकर गेले तेव्हा हिने शिवणयंत्र चालवून त्याला वाढवलं, शिकवलं. पुढे तिचा नवरा वारला, ह्याने लग्न केलंच नाही, आणि दोघं एका आठ मजली इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहू लागली. ताईचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. गेली दोन वर्षं ती लिफ्टशिवाय खाली उतरली नव्हती. त्यात डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा डोळा पार धुरकटला होता, डावा त्याच वाटेवर होता. शिवण हाताला पाठ होती, पण सुईचं नेढं दिसेना. दोरा ओठांत ओला करायची, सुईकडे न्यायची, चारदा चुकवायची, आणि कोणी बघत नाही असं पाहून सुई परत उशीला टोचून ठेवायची. मामाने ते बघितलं होतं. सरकारी इस्पितळात पाच महिने रांगेत थांबल्यावर तिला ऑपरेशनची तारीख मिळाली होती. गुरुवार, सकाळी नऊ. चुकली तर नाव पुन्हा रांगेच्या शेवटी. ताईने तो गुरुवार कॅलेंडरवर इतका जाड रंगवला होता की तो तिचा तिलासुद्धा दिसायचा.

आता ही तारीख लक्षात ठेवा आणि चार महिने मागे चला.

चार महिन्यांपूर्वी मुख्य कचेरीने डेपोत एक नवीन सॉफ्टवेअर धाडलं, आणि ते चालवायला एक बाई धाडली. तिशीतली, बारीक आवाजाची, चष्म्याची. कुठला माल किती मागवायचा, कधी मागवायचा आणि किती हाताशी राखून ठेवायचा, हे म्हणे आता यंत्र ठरवणार. हाताशी राखून ठेवायच्या मालाला ते लोक सेफ्टी स्टॉक म्हणत. पहिल्याच दिवशी बाईने सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं आणि समजावून सांगायला घेतलं.

"समजा, घरात साखरेची एक बरणी आहे," ती म्हणाली. "दुकान इमारतीच्या खालीच असेल आणि कधी बंद नसेल, तर एका बरणीत भागतं. संपली की खाली जायचं. पण दुकानदार महिन्यातून एकदा येत असेल, त्यात कधी आठ दिवस उशीर करत असेल, आणि तुमच्याकडे पाहुणे कधीही टपकत असतील, तर दुसरी बरणी भरून ठेवावी लागते. ती दुसरी बरणी म्हणजे सेफ्टी स्टॉक."

मामा भिंतीला टेकून उभा होता. त्याला खुर्ची होती, पण खुर्चीत बसलं की आपण ऐकायला आलो असं दिसतं.

"म्हणजे मॅडम," तो म्हणाला, "एवढं शिकून, एवढं मोठं मशीन आणून, तुम्हाला दुसऱ्या बरणीचा शोध लागला."

सगळे हसले. मेकॅनिक हसले, साहेब खोकल्याच्या मिषाने हसले. बाई हसली नाही आणि चिडलीही नाही.

"हो, तेवढंच आहे," ती म्हणाली. "फक्त ती बरणी केवढी हवी, ते हे मोजून सांगतं. खप किती वरखाली होतो आणि माल यायला किती दिवस लागतात, त्यावरून. दिवस मात्र खरे पाहिजेत."

हे शेवटचं वाक्य मामाने ऐकलं नाही. तो तोवर बाईला नाव ठेवण्यात गुंतला होता. दिवसातून पन्नासदा ती सरासरी, सरासरी करायची, म्हणून त्याने तिचं नाव सरासरी ठेवलं. आठ दिवसांत साऱ्या डेपोच्या तोंडी तेच नाव बसलं. सरासरी आली का, सरासरी जेवायला गेली का. तिच्या कानावर गेलंच असणार. तोंडावर मात्र तो मॅडम मॅडम करत राहिला, आणि असली मॅडम शिवीपेक्षा वाईट असते.

इथे मामाची एक चाल सांगायला हवी, कारण तिचा त्याला फार अभिमान होता. अकरा वर्षांपूर्वी डेपोत कॉम्प्युटरवर मागणी नोंदवायची पद्धत आली. मागणी नोंदवली की ती यादीत उघडी दिसायची, माल येईपर्यंत. पंधरा दिवस उघडी राहिली की लाल व्हायची, आणि दर सोमवारी मुख्य कचेरीतून पत्र यायचं: अमुक मागणी अजून उघडी का, कारण द्या. मामाने दोन सोमवार कारणं दिली. तिसऱ्या सोमवारी त्याचं टाळकं सणकलं. मग त्याने काय केलं, तर मागणी सरळ फोनवर द्यायला सुरुवात केली. पुरवठादार ओळखीचे, शब्दावर माल धाडणारे. महिना लागो, दीड महिना लागो, कॉम्प्युटरला पत्ताच नाही. ट्रक फाटकाशी आला की मामा सकाळी मागणी नोंदवायचा आणि दुसऱ्या दिवशी माल मिळाल्याची नोंद करायचा. यादी कायम स्वच्छ. लाल रंग म्हणून औषधाला नाही.

मुख्य कचेरी इतकी खूश झाली की तिने त्याला पितळी पाटी दिली. सर्व डेपोंत सर्वांत जलद पुरवठा. मामाने ती टेबलाच्या मागे, येणाऱ्याच्या नजरेच्या बरोबर रेषेत ठोकली. आपण अख्ख्या मुख्य कचेरीला कसं गुंडाळलं, हे तो मुख्य कचेरीचं कोणी नसताना पाटीकडे अंगठा दाखवून सांगायचा आणि स्वतःच दात काढायचा.

असो. बाई दोन महिने आकडे गोळा करत बसली आणि एके दिवशी तिने मामाच्या हातात एक यादी दिली. कुठला भाग किती राखून ठेवायचा, त्याची.

"मामा, एकदा नजर फिरवा," ती म्हणाली. "तुम्हाला सगळं माहीत आहे. काही चुकीचं वाटलं तर खूण करा. माझ्याकडे नुसते आकडे आहेत."

कुठल्याही शहाण्या माणसाने एवढ्यावर पाघळायला हवं होतं. मामा पाघळला नाही. त्याने यादी वाचली. सतराव्या ओळीत होती ब्रेकची कॉइल. जुन्या बनावटीच्या लिफ्टला लागते ती. लिफ्ट निघताना ही कॉइल ब्रेक उचलते. ती जळाली की ब्रेक उचललाच जात नाही, लिफ्ट जागची हलत नाही. जगात एकच कारखाना ती बनवतो, समुद्रापलीकडे, आणि यायला दीड महिना लागतो. मामाला ते झोपेतसुद्धा ठाऊक होतं. त्या ओळीत राखीव साठ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: शून्य.

मामाला आनंद झाला. दुसरा शब्दच नाही त्याला. यंत्राने गाढवपणा केला होता, आणि तो फक्त त्याला एकट्याला दिसत होता. एक खूण केली असती तर संपलं असतं. पण मग बाईची कशी जिरणार? त्याने यादीच्या खाली लिहिलं, पाहिली, आणि सही ठोकून परत दिली.

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं, कारण मामाकडे डबा होता. टेबलाखाली बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात फडक्यात गुंडाळलेल्या दोन कॉइल. कुठल्याही वहीत नाहीत, कुठल्याही यादीत नाहीत. अडीनडीला म्हणून त्याने वर्षानुवर्षं दोन बाजूला ठेवलेल्या असायच्या. एक गेली की नव्या मालातली एक आत. त्या डब्याने किती वेळा कोणाकोणाची लाज राखली होती, ते त्यालाच माहीत. पुढच्या आठवड्यात मालाची मोजणी निघाली आणि बाईने विचारलं, "मामा, यादीबाहेर कुठे काही ठेवलंय का?"

त्याला नाही म्हणता आलं असतं. आजवर तो प्रत्येकाला नाही म्हणाला होता. पण त्या दिवशी त्याने डबा उचलून तिच्या पुढ्यात ठेवला, झाकण उघडलं आणि म्हणाला, "घ्या मॅडम. फालतू माल आहे. तुमचं मशीन शून्य म्हणतं ना, मग शून्यच असू दे."

बाईने दोन्ही कॉइल नोंदवल्या. यंत्राने त्या जादा ठरवल्या, आणि त्या दुसऱ्या शहराच्या डेपोत रवाना झाल्या. मामाने रिकाम्या डब्यात रबरबँड भरले. त्या संध्याकाळी घरी जाताना तो चक्क गुणगुणत होता. येईल एक दिवस, तो मनात म्हणत होता, कुठल्यातरी बिल्डिंगमध्ये लिफ्ट अडकेल, लोक बोंबलतील, साहेब धावत येतील, मग मी सांगतो यांना यंत्र काय असतं ते.

तो दिवस आला. सोमवारी आला, आणि मामाच्याच इमारतीत आला.

सकाळी तो डेपोत निघाला, लिफ्ट येईना म्हणून जिना उतरला, तर तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं आणि डेपोचाच एक मेकॅनिक आत गुडघ्यावर बसला होता. जळक्या वासाने जिना भरला होता.

"ब्रेकची कॉइल गेली, मामा," मेकॅनिक म्हणाला. "जळालेली तार नव्याने गुंडाळून घेऊन चालणार नाही, ब्रेकला नवीनच लागते. नियम आहे. आहे ना आपल्याकडे?"

"नाही," मामा म्हणाला, आणि त्याला हसू फुटलं. सांगायला लाज वाटते, पण खरं ते खरं. पहिला विचार आला तो बाईचा, तिच्या पडलेल्या चेहऱ्याचा. एवढ्या दिवसांनी सापडली एकदाची. असा तो पुरता अर्धा मिनिट जिन्याशी उभा राहून हसला. मग वर आठव्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, ताईच्या काठीची टकटक झाली, आणि त्याला गुरुवार आठवला.

त्याने आधी दुसऱ्या डेपोला फोन लावला. आपल्या त्या दोन कॉइल कुठे आहेत? तिथला स्टोअरकीपर म्हणाला, मामा, देवासारख्या आल्या बघा, गेल्याच महिन्यात दोन्ही बसवल्या. मामाने फोन ठेवला. मग कारखान्याच्या माणसाला लावला. तो म्हणाला, नेहमीसारखंच, दीड महिना धरा. दिवसभर मामा फोनवर हातापाया पडत होता. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्यांना विचारत होता, आणि जो तो त्याला तेच सांगत होता जे त्याला तोंडपाठ होतं.

मंगळवारी तो डेपोत शिरला तो सरळ बाईच्या टेबलाशी. सगळे होते. साहेब होते, चार मेकॅनिक होते. त्याला सगळे हवेच होते.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमच्या मशीनने दिवे लावलेत. ब्रेकची कॉइल शून्य ठेवा म्हणालं. आज माझी बहीण आठव्या मजल्यावर अडकलीय. परवा तिचं डोळ्याचं ऑपरेशन आहे. पाच महिने थांबलीय ती. तुमच्या सरासरीने तिचा डोळा उघडतो का ते सांगा."

बाईचा चेहरा खरंच पडला. पण मामाला वाटला होता तसा नाही. "अरे देवा," ती एवढंच म्हणाली आणि स्क्रीनकडे वळली. "थांबा, बघते."

"काय बघता? शून्य आहे ते शून्य आहे."

"शून्य का आहे ते बघते." तिने कॉइलचं पान उघडलं. "वर्षाला चौदा लागतात. कधी एक, कधी एकदम तीन. खप तर वरखाली आहे. राखीव दिसायला हवी होती." मग तिचं बोट एका रकान्यावर थांबलं. "पण मामा, ही तर एका दिवसात येते ना?"

"कोण गाढव म्हणतं?" मामा गरजला. "पंचेचाळीस दिवस लागतात तिला. समुद्रापलीकडून येते. दुधाची पिशवी आहे का एका दिवसात यायला?"

बाईने स्क्रीन त्याच्याकडे वळवला. अकरा वर्षांच्या सहासष्ट मागण्या ओळीने लावलेल्या होत्या. मागवल्याची तारीख, मिळाल्याची तारीख, मधले दिवस. एक. एक. एक. एक. ती बोटाने यादी सरकवत गेली आणि एक सोडून दुसरा आकडा येईना. प्रत्येक ओळीच्या टोकाला नोंद करणाऱ्याची खूण होती. सहासष्ट वेळा ती मामाची होती.

"दुकान खालीच आहे आणि कधी बंद नसतं, असं तुम्ही त्याला सांगितलंय," बाई म्हणाली. "सहासष्टदा. मग ते दुसरी बरणी कशाला भरेल?"

मेकॅनिक आपापले बूट बघू लागले. तीस वर्षं मामा ज्यांना नालायक म्हणत होता त्यांच्यापैकी कोणीही हसलं नाही, आणि ते हसण्याहून वाईट होतं.

"पंचेचाळीस घालून बघू," बाई म्हणाली. तिने एकच्या जागी पंचेचाळीस टंकलं. स्क्रीनवरचं चाक जरा फिरलं, आणि राखीव साठ्याच्या रकान्यात शून्य पुसून आकडा आला. दोन.

मामा त्या दोनकडे बघत राहिला. दोन. फडक्यात गुंडाळलेल्या. यंत्राला खरं सांगितल्यावर यंत्र अगदी त्याच्याच डोक्यातलं बोललं होतं. टेबलाखाली तो डबा होता. आत रबरबँड होते.

"चूक माझीही आहे," बाई खालच्या आवाजात म्हणाली. "सगळीकडे एक दिवस बघून मला शंका यायला हवी होती. आलीही होती. पण मग तुमच्यामागची ती पाटी बघितली." तिने पितळी पाटीकडे हात केला. "आणि यादीवर तुम्ही 'पाहिली' लिहिलं होतं. मला वाटलं, मामांनी पाहिली म्हणजे झालं."

आता तिच्या डोळ्यांत तिरस्कार होता. थोडाच, आणि तिने तो लगेच चष्म्याआड आवरला. मामाला तो बरोबर ओळखू आला, कारण तीस वर्षं तो हेच काम करत होता.

गुरुवारी सकाळी साडेसातला मेकॅनिक लोक आपणहून आले. मामाने बोलावलं नव्हतं, त्याला तेवढं तोंड उरलं नव्हतं. चौघांनी ताईला हात असलेल्या खुर्चीत बसवलं, पट्ट्याने बांधलं आणि खुर्ची उचलली. ताई चांगल्या वजनाची. ती नवीन कपडे घालून, कागदपत्रांची पिशवी मांडीवर घेऊन, डोळे गच्च मिटून बसली होती. आठवा मजला कसाबसा उतरला. सातव्याच्या वळणावर जिना अरुंद आहे. तिथे खुर्चीचा पाय कठड्यात अडकला, खालच्याचा पाय निसटला आणि खुर्ची एकदम कलली. चौघांनी तिला सावरलं तेव्हा पिशवीतले कागद जिनाभर झाले होते.

"वर न्या मला," ती म्हणाली.

"ताई, अजून थोडंच," मामा म्हणाला. थोडंच म्हणजे सात मजले.

"तू गप्प बस," ती म्हणाली. "मला सामान समजलास का रे? वर न्या म्हटलं ना."

त्यांनी तिला वर नेलं. नऊ वाजले, दहा वाजले. मामाने इस्पितळात फोन केला. तिथल्या मुलीने नवीन तारीख दिली. पाच महिन्यांनंतरची. मामाने ती कॅलेंडरवर लिहिली, पण जाड रंगवायचं त्याला धाडस झालं नाही.

त्या दिवसापासून ताईच्या सुया ओवायचं काम मामाकडे आलं. कामावर निघायच्या आधी तो खिडकीशी बसून सुईत दोरा ओवायचा, उशीला टोचून ठेवायचा आणि आठ मजले उतरून जायचा. तिने का, कसं, काहीच विचारलं नाही. लिफ्ट कधी सुरू होईल एवढंच विचारायची. मामा म्हणायचा, होईल लवकरच. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. तो पुन्हा म्हणायचा, लवकरच.

कॉइलची मागणी मात्र त्याने त्या मंगळवारीच नोंदवली होती, कारखान्याला पुन्हा फोन करून तो ठेवल्या ठेवल्या, बाईच्या समोर. पंधरा दिवसांनी ती लाल झाली. सोमवारी मुख्य कचेरीचं पत्र आलं: मागणी अजून उघडी का, कारण द्या. मामाने कारण लिहिलं. पुढच्या सोमवारी पुन्हा लिहिलं. असे पाच सोमवार गेले. एकोणपन्नासाव्या दिवशी खोकं आलं. त्यात एक कॉइल त्याच्या इमारतीची, दोन राखीव ठेवायला म्हणून त्याने जादा मागवलेल्या. मामाने माल मिळाल्याची नोंद केली आणि मधल्या दिवसांच्या रकान्यात पहिल्यांदा एक सोडून दुसरा आकडा उमटला. एकोणपन्नास. त्याला बरं वाटलं. त्याने स्वतः, कोणाला न विचारता, कॉइलच्या पानावर जाऊन हिशोब नव्याने करायचं बटण दाबलं.

चाक फिरलं. राखीव साठा: शून्य. खाली एक ओळ होती. दोन नग जादा आहेत, दुसऱ्या डेपोकडे पाठवावेत.

"असं कसं?" तो बाईच्या टेबलाशी जाऊन म्हणाला. "आता तर खरं सांगितलं त्याला."

"एकदा सांगितलंत," बाई म्हणाली. "सहासष्ट वेळा एक, आणि एक वेळा एकोणपन्नास. सरासरी दोन दिवससुद्धा भरत नाही." तो शब्द उच्चारताना ती क्षणभर थांबली होती. "त्या दिवशी पंचेचाळीस नुसते घालून बघितले होते. या कॉइलचा आकडा आता मी हाताने घालून ठेवते. पण स्टोअरमध्ये चारशे प्रकारचे भाग आहेत, मामा, आणि सगळ्यांपुढे एकच लिहिलंय. खऱ्या तारखा द्या, मी भरते. कधी फोन केला, कधी ट्रक आला. तुम्हाला तोंडपाठ आहे ना?"

ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती. मामा खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. पहिली ओळ, अकरा वर्षांपूर्वीची. कॉइल, तीन नग. कधी केला होता फोन? उन्हाळा होता की थंडी? त्याने डोळे मिटले. दुसरी ओळ. तिसरी. सगळे ट्रक एकात एक मिसळले होते. कुठला भाग कुठल्या रॅकवर ते डोक्यात होतं, पण किती वाट बघितली ते कुठेच नव्हतं. ते त्याने कधी कोणाला सांगितलंच नव्हतं, स्वतःलाही नाही.

"नाही आठवत," तो म्हणाला. बाईने मान हलवली आणि त्या ओळी तशाच सोडून दिल्या.

संध्याकाळी तो लिफ्टने घरी गेला. लिफ्ट छान चालली. ताई खिडकीशी बसून कुणाच्या तरी झग्याची खालची घडी हाताने शिवत होती. डावा डोळाही आता धुरकटला होता. कापड नाकाशी धरायची तिला सवय लागली होती. मामा तिच्यासमोर स्टुलावर बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. फोन, ट्रक, पाटी, यादीवरची सही, डबा. जिन्याशी उभं राहून हसला तेही सांगितलं.

ताई टाके घालत ऐकत राहिली.

"म्हणजे त्या मशीनने तुझ्यावर विश्वास ठेवला," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"माझ्यासारखाच." तिने दोरा दातांनी तोडला. "मी रोज विचारायचे, किती दिवस. तू म्हणायचास, लवकरच. तुला माहीत होतं ना दीड महिना आहे?"

"होतं."

"मग दीड महिना म्हणायला तुझ्या जिभेला काय झालं होतं, राजा?"

ताईने चाचपून उशी उचलली आणि सुयांसकट त्याच्या हातात दिली.

"उद्याच्या ओवून ठेव," ती म्हणाली. "एक रोज लागते मला. पण तुझं काही खरं नाही. दोन जास्तीच्या ओव."

मामाने दिव्याखाली उशी धरली आणि तीन सुया ओवल्या.